उत्तर आलं नाही तर

एप्रिलभर मी चिका तोझांशी भांडत होते. 'चिका' म्हणजे काका. चाचाक शहरातल्या आमच्या ऑफिसात त्यांच्याशी कुणी भांडत नाही, मालकसुद्धा त्यांना चिकाच म्हणतो. नद्यांचं पाणी मोजणारी आणि वेळ आली तर भोंगा वाजवणारी आमची सगळी यंत्रणा त्यांच्या डोक्यातून निघालेली. मला कोड लिहायला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे इतर कुणी भांडलं असतं तर ते भांडण ठरलं असतं, मी भांडले तर तो आगाऊपणा.

भांडण एका मेथडवरून होतं, म्हणजे कोडमधल्या एका छोट्या कामावरून. जेमतेम चार ओळींची. तिचं नाव 'उत्तर आलं नाही तर'.

नदीकाठी आम्ही मापक बसवतो. कुठे पाण्यावर तरंगणारा गोळा, कुठे तळाशी दाब मोजणारी नळी, कुठे पुलाखाली लटकवलेली रडारची पेटी. जाती वेगळ्या, काम एक. म्हणून सुरुवातीला एक इंटरफेस लिहिलेला आहे. इंटरफेस म्हणजे नुसता करार. मापक म्हणवून घ्यायचं असेल तर पाणी किती ते सांगायचं, आणि उत्तर आलं नाही तर काय समजायचं तेही सांगायचं. कसं, हे करारात नसतं. त्याच्या खाली चिकांनी एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास लिहिला, 'मूळमापक'. तो या सगळ्यांचा बाप. स्वतः कुठल्याही नदीवर बसत नाही, पण वेळ नोंदवणं, आकडे पाठवणं अशी सगळ्या पोरांना लागणारी सामाईक कामं करून ठेवतो. जे ज्याचं त्यानंच करायचं, तेवढी जागा तो मोकळी सोडतो. पोरानं ती भरली नाही तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालता करणारा प्रोग्राम, त्याला दारातच अडवतो.

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं. पण 'उत्तर आलं नाही तर' ही जागा चिकांनी मोकळी सोडली नव्हती, स्वतःच भरून टाकली होती. उत्तर आलं नाही तर शेवटचा चांगला आकडा पुन्हा सांगा. म्हणजे मापक मेला, तार तुटली, पेटी वाहून गेली, तरी पडद्यावर कालचंच पाणी दिसत राहणार. हिरवंगार आणि शांत.

मोठ्या, संथ नद्यांवर हे खपून जात होतं. पण मे महिन्यात आम्ही ग्राबोविकला यंत्रणा सुरू करणार होतो, आणि ग्राबोविकची नदी ल्युता. नावाचा अर्थच रागीट. वर डोंगरात ढग फुटला की अर्ध्या तासात पाणी गावात. आणि बालवाडी अगदी काठावर, कारण गावात सपाट जागा तेवढीच. गावचा प्रमुख वुकाशिन, लाकूड कापायची गिरणी चालवणारा धिप्पाड माणूस, कागदांवर सही करायला आला तेव्हा पेन हातात धरून बसून राहिला.

"हे बघा, मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "भोंगा वाजला की मुलं उचलायची आणि वर देवळात न्यायची, एवढं कळतं. मला एवढंच सांगा, तो वाजेल ना?"

"वाजेल," चिका म्हणाले.

मी शेजारी बसले होते. पूर आला की सगळ्यात आधी जातो तो मापकच, हे त्या खोलीत मला माहीत होतं आणि चिकांनाही. वुकाशिनची पाठ वळल्यावर मी तोंड उघडलं.

"पोरी, ती मेथड मी हौसेनं लिहिलेली नाही," चिका म्हणाले. "तेव्हा सिग्नल दिवसातून दहादा जायचा. त्यापायी पहिल्या वर्षी भोंगे इतके उगाच बोंबलले की लोकांनी तारा कापून टाकल्या. कापलेला भोंगा कुणाला वाचवतो, सांग."

"म्हणून सगळ्यांनी खोटं बोलायचं? मोकळी सोडा ना ती जागा. ज्याचं त्याला ठरवू दे. मैदानातल्या मापकानं तासभर थांबावं, डोंगरातल्यानं पाच मिनिटं थांबून सरळ सांगावं, की बाबांनो, मला माहीत नाही."

"मग ग्राबोविकच्या मापकात तेवढी बदलून लिही. तुझे हात कुणी बांधलेत?"

"लिहिली. चाचणीत तार उपटली. पडदा हिरवाच."

"असं कसं होईल?"

"ग्राबोविकचा आकडा डोंगरावरच्या, संदेश पुढे पाठवणाऱ्या पेटीतून येतो. ती पेटीही मूळमापकाचीच लेक. मापक म्हणतो माहीत नाही, ती म्हणते शेवटचा चांगला आकडा घ्या. आणि तिच्या पुढे अजून कोण कोण बसलंय, मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. चिका चष्मा पुसायला लागले की समजावं, आता दार बंद होणार.

"पंधरा वर्षांत एक तक्रार आलेली नाही, सेन्का."

"मेलेला माणूस तक्रार करत नाही, चिका."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जसं आहे तसं जाईल, विषय संपला, असं सांगून ते उठले. मालकानंही त्यांचीच री ओढली. शुक्रवारी ग्राबोविक सुरू व्हायचं होतं, अशा वेळी यंत्रणेच्या पायाला हात कोण लावतो?

त्याआधीच्या शनिवारी जुर्जेवदान होता, संत जॉर्जांचा दिवस. चिकांच्या घराण्याची ती स्लावा. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो, आणि त्याच्या दिवशी घर सगळ्यांना उघडं असतं. बोलावणं करत नाहीत. एकदा गेलात की दरवर्षी जायचं, आणि न जाणं म्हणजे वैर. मी एप्रिलभर भांडले असले तरी वैर धरलं नव्हतं. वाईनची बाटली आणि कॉफीचा पुडा घेऊन गेले. दारात गोड गव्हाचा चमचा तोंडात टाकला, क्रूसाची खूण केली, म्हणाले, "स्लावा सुखाची जावो, घरधनी."

"ये, ये," चिका म्हणाले, आणि माझे दोन्ही गाल मनापासून चुंबले. भांडण दाराबाहेर राहिलं. घरधनी त्या दिवशी बसत नाही. ते सकाळपासून उभेच होते, कुणाच्या ताटात मटण वाढ, कुणाचा पेला भर. टेबलाच्या डोक्याशी त्यांचा थोरला भाऊ मिलेंतिये बसला होता, गावाहून आलेला, रुंद हातांचा, नवा शर्ट टोचत असल्यासारखा.

बोलणं पावसावर आलं. मिलेंतिये म्हणाला, "यंदा कामेनित्सानं भलतंच केलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पाणी खालच्या आलुबुखाराच्या झाडांपर्यंत चढलं होतं."

"कुठे?" चिका हसले. "आपल्या कामेनित्साला? अरे, आपल्या पुलाखाली मापक आहे. मी बसवलेला पहिला मापक. रोज सकाळी कॉफीबरोबर बघतो मी तो. ईस्टरला बोटभरसुद्धा फरक नव्हता."

"तोझा, मी डोळ्यांनी पाहिलं."

"डोळ्यांनीच पाहिलंस ना? दादा, त्या दिवशी तू पाणी मोजत नव्हतास, राकियाचे पेले मोजत होतास!"

सगळं टेबल हसलं. मिलेंतियेही हसला, पण ते तोंडदेखलं होतं. पुढे तो नुसता पावाचे तुकडे करत राहिला. मी काय ऐकलं होतं ते त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

पण स्लावाच्या दिवशी, पेटत्या मेणबत्तीसमोर, घरधन्याला त्याच्याच घरात खोटं पाडत नाहीत. जीभ चावून बसले. मिलेंतिये सिगारेट ओढायला गच्चीत गेला तशी मागोमाग गेले.

"चिका मिलेंतिये, ईस्टरला किती आलं होतं पाणी? बूट भिजले?"

"बूट?" त्यानं धूर सोडला. "बाई, कोंबड्यांचं खुराडं गेलं. अख्खं. पण काय बोलणार? धाकटा शिकलेला. त्याचं यंत्र म्हणतं पाणी नव्हतं, तर नव्हतं."

घरी गेल्यावर मी कामेनित्साचे आकडे उघडले. हिवाळ्याच्या आधीपासून एकच आकडा, ओळीमागून ओळ. खाली किंवा वर रेषभरही हललेला नाही. जिवंत नदी असं करत नाही. बर्फ पडला, वितळला, ईस्टर येऊन गेला, आणि चिका रोज सकाळी कॉफी पीत एका मेलेल्या मापकाला रामराम करत होते.

तो कागद छापून त्यांच्या टेबलावर ठेवता आला असता. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं म्हणता आलं असतं. मी विचार केला. काय झालं असतं? लाजले असते, माणूस पाठवून कामेनित्साचा मापक बदलला असता, आणि मेथड जागच्या जागी राहिली असती. मला एक मापक बदलायचा नव्हता. प्रत्येक पोराकडून त्याच्या तोंडचं उत्तर हवं होतं, आणि पोरं किती ते कुणालाच माहीत नव्हतं. कंपायलरला माहीत होतं. त्यालाच विचारायचं ठरवलं.

आमच्याकडे एक नियम आहे. सगळ्यांचा एकत्र केलेला कोड ज्याच्यामुळे बंद पडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बुरेक, म्हणजे सारण भरलेली तेलकट रोटी, खाऊ घालायचा. सोमवारी सकाळी मी दोन्ही हातांत तेल ओघळणारे पुडे आणि काखेत दह्याच्या बाटल्या घेऊन शिरले. ओग्न्येन माझ्यासमोर बसतो. त्याला आधी वास आला, मग मी दिसले.

"काय मोडलंस?"

"अजून काही नाही."

"म्हणजे?"

"खाऊन घे. गरम आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "सेन्का, तुझा चेहरा बघ. माझी आजी डुक्कर कापायच्या दिवशी अशी दिसायची."

मी खुर्चीत बसले. मूळमापक उघडला. त्या चार ओळी खोडल्या, नाव तेवढं ठेवलं, आणि त्याच्या आधी एकच शब्द लिहिला: अ‍ॅबस्ट्रॅक्ट. जागा मोकळी झाली. मग कोड सगळ्यांच्यात सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसले. परत घ्यायचा विचार मनात आला नाही.

भिंतीवरचा मोठा पडदा लाल झाला. मग नावं यायला लागली. हा मापक अपुरा आहे. ही पेटी अपुरी आहे. यानं उत्तर दिलेलं नाही. यादी खाली सरकतच राहिली.

"अगं माझ्या आई," ओग्न्येन बुरेक तोंडात धरून म्हणाला.

चिका आले. कोट अंगात तसाच. पडदा पाहिला, बुरेक पाहिला, मला पाहिलं.

"परत घे."

"नाही घेणार."

"मग मी घेतो."

"घ्या. मी उद्या पुन्हा मोडेन आणि पुन्हा बुरेक आणीन. रोज आणीन. या लोकांची पोटं सुटतील, पण मी थांबणार नाही."

"शुक्रवार तोंडावर आलाय आणि तू घराचं छप्पर काढलंस!"

"छप्पर गळतंय हे दिसावं म्हणून काढलं. मला कामावरून काढायचं असेल तर काढा. पण वुकाशिनला 'वाजेल' म्हणून सांगितलंय तुम्ही, आणि मी तिथे गप्प बसले होते. दुसऱ्यांदा नाही बसणार."

चिका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि यादी वाचायला लागले. मला वाटलं, कीबोर्ड ओढून घेतील. पण पोरांची हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखे ते एकेका नावावर थांबत होते. मध्येच त्यांचं बोट पडद्यावर टेकलं.

"ही कोण?"

मी वाचलं. "भोंग्याची पेटी."

"भोंगा मूळमापकाच्या पोटी कसा? भोंगा काय मोजतो?"

"काहीच नाही," ओग्न्येन पलीकडून हळूच म्हणाला. "कुणीतरी वेळ नोंदवायचा नि संदेश पाठवायचा कोड आयता मिळतोय म्हणून बाप केला असणार त्याला. चिका, करार पाळायचा नव्हता कुणाला, नुसती इस्टेट हवी होती."

म्हणजे भोंगा मेला, त्याचं उत्तर आलं नाही, की तोही शेवटचं चांगलं उत्तर देणार. आणि भोंग्याचं चांगलं उत्तर एकच असतं: मी तयार आहे.

चिकांनी कोट काढला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"बुधवारपर्यंत हिरवं झालं नाही तर मी सगळं परत घेईन."

"होईल."

"भोंग्याला या घरातून बाहेर काढ. त्याचा स्वतःचा वेगळा करार लिही. आणि मला एक बुरेक दे, मटणाचा."

तीन दिवस आम्ही सगळे त्यालाच भिडलो. एकेक क्लास उघडायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: उत्तर आलं नाही तर तू काय करशील? किती गंमत होती त्यात आणि किती चीड! कित्येकांना तो प्रश्न जन्मात कुणी विचारलाच नव्हता. तरंगणाऱ्या गोळ्याला हिवाळ्यात बर्फ धरतो, म्हणून त्याचं उत्तर वेगळं. रडारपुढे ट्रक उभा राहिला तर वेगळं. ओग्न्येन शिव्या देत होता, पण हात थांबत नव्हते. तारा कापल्या जाऊ नयेत म्हणून 'माहीत नाही'ला भोंगा वाजवायचा नाही, आधी गावातल्या माणसाला फोन जाईल, हे चिकांनी सुचवलं आणि मी मुकाट्यानं मान्य केलं. ते बरोबर होतं.

बुधवारी दुपारी सगळं जुळलं. चालू नद्यांचे खरे आकडे जोडून बघायचे होते. पडद्यावर नकाशा उघडला, एकेक ठिपका हिरवा होत गेला. मोठी मोरावा, तिच्या उपनद्या. मग दोन ठिपके करडे झाले. थोड्या वेळानं तिसरा. करड्या ठिपक्याखाली लिहिलेलं होतं: माहीत नाही.

तिसरा कामेनित्सा होता.

मला हे येणार माहीत होतं, तरी त्यांच्याकडे बघवेना. चिका खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले, अगदी नाक लागेल इतके. आपण बसवलेला पहिला मापक. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. हिवाळ्याच्या आधीपासून, मी म्हणाले.

"तुला स्लावाला कळलं होतं."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"घरधनी होतात तुम्ही."

त्यांनी मान हलवली. फोन काढला, आणि आमच्या सगळ्यांसमोर, आवाज जरासुद्धा न उतरवता बोलले. "दादा? तोझा बोलतोय. ईस्टरचं पाणी आलुबुखारांपर्यंत आलं होतं, तू खरं सांगत होतास. मी चार माणसांत तुझी चेष्टा केली. माफ कर. ... हो. ... नाही, आजारी नाही मी. ... दादा, एक काम कर. पुलावर जा आणि आत्ता पाणी किती आहे ते बघून मला सांग. मला माहीत नाही."

शुक्रवारी ग्राबोविक सुरू झालं. हस्तांतरणाच्या कागदावर 'जबाबदार' या शब्दापुढे चिकांनी माझं नाव लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. त्या सहीनंतर मला शांत झोप लागली असं सांगितलं तर खोटं होईल. आभाळ भरून आलं की मी काम सोडून नकाशा उघडत होते.

महिना संपता संपता तो दिवस आला. सकाळी अकराच्या सुमारास चाचाकमध्ये लख्ख ऊन होतं. ल्युताचा ठिपका हिरवा होता, पाणी गुडघाभर, आणि अचानक आकडे यायचे थांबले. पाच मिनिटांनी ठिपका करडा झाला. आमच्या यंत्रणेनं वुकाशिनला फोन लावला, तो त्यानं उचलला, एवढं मला दिसलं. मग मी लावला.

"तुमच्या यंत्रातल्या बाईचा आवाज आला," तो ओरडून बोलत होता, मागे लाकूड कापायचं यंत्र बंद होत होतं. "म्हणते, पाणी किती ते माहीत नाही. म्हणजे काय करू? इथे तर थेंब नाही!"

चिका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी फोनकडे हात केला नाही. जुन्या ओळींनी त्या क्षणी सांगितलं असतं, गुडघाभर. आणि तार फक्त सैल झाली असेल तर एका उन्हाळी सकाळी वीस मुलं रडत डोंगर चढणार आणि गाव आम्हाला हसणार, पुढच्या वेळी फोनही उचलणार नाही.

"म्हणजे मुलं उचला," मी म्हणाले. "बघायला नदीवर जाऊ नका. आधी मुलं."

फोन कट झाला. मग काहीच नाही. मी लावत राहिले, तो उचलत नव्हता. ओग्न्येननं खिडकी बंद केली, मग उगाच उघडली. चिका उभेच होते. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर फोन वाजला. वुकाशिनच्या आवाजात घोगरेपणा होता, आणि मागे घंटा घुमल्यासारखा गलका.

"तुमचं यंत्र गेलं," तो म्हणाला. "वरच्या पुलासकट. माझी गिरणीही गेली."

"आणि बालवाडी?"

"भिंती उभ्या आहेत. आत छातीपर्यंत चिखल."

चिकांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "वुकाशिन, मुलं?"

"मुलं?" तो म्हणाला. "ऐकू येत नाहीत का? देवळात आहेत सगळी. मेणबत्त्या मोडल्या, पाद्र्याची टोपी घालून बघितली, आणि आता मघापासून जेवायला मागतायत."